स्पार्क टेस्टर की मीटर? घरी मोटरसायकलची कॉईल तपासायला काय घ्यावं

आमचा धंदा मोटर वायंडिंगचा. आर्वी तालुक्यात, गावातच, घराच्या ओसरीला लागून दुकान आहे. हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुरू झालं की जळालेल्या मोटरींची रांग लागते आणि तेव्हा जेवायलाही उठता येत नाही. उन्हाळ्यात मात्र हात रिकामे. मग लोक मोटरसायकली ढकलत आणतात, कारण गावाच्या हिशेबानं जिथे तांब्याची तार आहे ते सगळं माझंच काम. "भाऊ, करंट नाई मारून राहिली" (म्हणजे प्लगला ठिणगी येत नाही) एवढं सांगायचं, गाडी लिंबाखाली लावायची आणि खर्रा घोटत बसायचं.

प्लगला हा ठिणगीचा करंट देते ती कॉईल, आणि ती तपासायला माझ्याजवळ दोन वस्तू आहेत. एक मीटर, म्हणजे मल्टिमीटर, पिवळ्या डब्याचा, ८३० नंबरच्या नावानं जो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात लटकलेला दिसतो तोच. दुसरा स्पार्क टेस्टर, स्क्रूनं गॅप कमी-जास्त करता येणारा, ऑनलाइन मागवला, दोनशेच्या आत-बाहेर पडला. ज्याला वाचायचा कंटाळा असेल त्याच्यासाठी आधीच सांगतो: दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर टेस्टर घ्या. मीटर कॉईलला नापास करू शकतो, पास करू शकत नाही. पास करायचं काम टेस्टरचं.

हे लिहायचं कारण पैशाचं आहे. करंट गेलेली गाडी तालुक्याला नेली की तिथले मिस्त्री आधी प्लग बदलतात, मग कॉईल, मग सीडीआय, म्हणजे कॉईलला करंटचा झटका देणारा डबा. तिन्हींतलं एक काहीतरी खरंच गेलेलं असतं, त्यामुळे गाडी चालू होते आणि गिऱ्हाईक खुशीनं तिन्हींचे पैसे देऊन येतं. मी मिस्त्र्यांना दोष देत नाही. त्यांच्या दारात गाड्या उभ्या असतात, बदलून पाहणं त्यांना तपासण्यापेक्षा स्वस्त पडतं. फक्त ते स्वस्त त्यांना पडतं, आपल्याला नाही.

आता मीटर. कॉईल म्हणजे आतून एक ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पट्ट्यांवर जाड तारेचे थोडे वेढे, ती प्रायमरी. आणि केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे, ती सेकंडरी, जिचं टोक प्लगच्या वायरला जातं. मीटरनं या दोन्हींचा रेझिस्टन्स मोजायचा. कॉईलला एकच पिन असेल तर प्रायमरीचं दुसरं टोक म्हणजे ती लोखंडी पट्टी, जिच्या कानाला बोल्ट बसतो. गंज असेल तर कानशीनं एक जागा घासून घ्या, नाहीतर मीटर कॉईलचा नाही, गंजाचा आकडा दाखवेल. दोन पिना असतील तर पिनेवर पिन.

सीडीआयच्या गाड्यांची प्रायमरी एका ओहमच्याही आत असते आणि इथेच हा मीटर उताणा पडतो. २०० ओहमच्या खालची रेंज त्याच्यात नाही आणि त्या रेंजवर तो ०.१ च्या खालचं काही दाखवत नाही. त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तर माझ्याजवळच्या मीटरवर ०.४ येतात, म्हणजे हा नुसता वायरींचा रेझिस्टन्स. कॉईलवर ०.७ आले तर त्यातून ०.४ वजा करायचे, उरले ०.३. आता या ०.३ मध्ये एखादा वेढा शॉर्ट झाला तर काय कळणार? काही नाही. प्रायमरी तुटली आहे की जोडलेली आहे, एवढंच हा मीटर खात्रीनं सांगतो. प्वाईंटच्या (सीडीआयऐवजी उघडझाप करणारा स्विच असलेल्या) जुन्या गाड्यांत प्रायमरी जरा जास्त ओहमची असते, बारा व्होल्टवाल्यांची तीन-चार-पाचच्या घरात, तिथे आकडा थोडा कामाचा.

सेकंडरीला तो बरा आहे. २० किलोओहमची रेंज लावा आणि प्लगची कॅप काढून मोजा. हे कॅप काढणं लोक विसरतात. बऱ्याच कॅपांच्या आत रेडिओची खरखर थांबवायला रेझिस्टर असतो, नेहमीचा ५ किलोओहमचा. कॅपसकट मोजलं तर तोही त्यात मिसळतो. माझ्या जुन्या स्प्लेंडरची सेकंडरी कॅप काढून चारच्या आसपास येते, कॅप लावून नऊच्या. एक काकाजी त्यांची गाडी घेऊन आले होते, कॉईल मेली म्हणून नवी घ्यायला आर्वीला निघालेच होते. कॅपसकट मोजलं तर मीटर नुसता १ दाखवत होता, म्हणजे तार तुटल्यासारखं. कॅप फिरवून काढली, वायरीवर मोजलं तर कॉईल ठणठणीत. कॅपच्या आत रेझिस्टरजवळ हिरवी बुरशी चढली होती. वायरीचं टोक अर्धा सेंटीमीटर कापून ताजं तांबं काढलं, नवी कॅप स्क्रूसारखी फिरवून बसवली. काकाजी म्हणाले, "एवढंच होतं काय बे? म्या तं पैसे काढून ठेवले होते." चहा मात्र पाजला त्यांनी.

आणखी एक गोष्ट, जी मोटरवाल्याला लगेच कळते पण इतरांना कोणी सांगत नाही. मॅन्युअलात दिलेले ओहमचे आकडे साधारण २० अंश तापमानाचे असतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी पारा ४५ ला टेकतो, म्हणजे २५ अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ १० टक्के. चार किलोओहमची कॉईल त्या दुपारी ४.४ दाखवणारच. आणि गाडी नुकतीच पळून आली असेल, टाकीखाली कॉईलला हात लावला की चटका बसत असेल, तर आकडा अजून वर. अशा वेळी "रेंजच्या बाहेर आहे" म्हणून चांगली कॉईल फेकून देणारे मी पाहिले आहेत. कॉईल माठाजवळ सावलीत ठेवा, संध्याकाळी मोजा. आणि मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की तो वाट्टेल ते आकडे दाखवतो, तेव्हा कोपऱ्यात बॅटरीची खूण दिसली तर आधी ती बदला.

मीटरचं खरं दुखणं वेगळंच आहे. तो कॉईलमध्ये जो करंट सोडतो तो दोन-चार व्होल्टच्या आतला. कॉईलला काम करायचं असतं दहा-वीस हजार व्होल्टवर. बैलबाजारात दात पाहून बैलाचं वय सांगता येतं, तो डवऱ्याला किती वेळ चालेल ते शेतात उतरवल्याशिवाय कळत नाही. तसं आहे हे. आतलं इन्सुलेशन कुठेतरी फाटलं असेल तर दोन व्होल्टला त्याचा पत्ताच लागत नाही. आकडा अगदी बरोबर येतो आणि गाडी तरी रस्त्यात बंद पडते.

म्हणून टेस्टर. वस्तू अगदी साधी आहे. पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत समोरासमोर दोन टोकं. एक टोक पक्कं, त्याच्या वरच्या बाजूला प्लगसारखी टोपी, तिच्यावर आपली प्लग कॅप बसते. दुसरं टोक आट्यांच्या स्क्रूवर, फिरवलं की पुढे-मागे होतं. त्याच्यापासून एक वायर निघते आणि तिला मगर क्लिप. क्लिप इंजिनाच्या नंग्या धातूला लावायची, रंगावर नाही. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, चावी चालू, आणि किक.

गॅप किती ठेवायचा हा मुख्य प्रश्न. जुन्या यामाहा मॅन्युअलांत कमीत कमी ६ मिलीमीटर सांगितलेला असतो, कावासाकीवाले ७ सांगतात. मी ६ धरतो. टेस्टरच्या नळीवर आकडे छापलेले आहेत, पण त्यांच्यावर माझा भरवसा नाही. पहिल्याच दिवशी ६ नंबरच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा दोन टोकांच्या मधे धरला, तर छापलेल्या सहाच्या खुणेवर तो आत जाईचना. स्क्रू अजून दोन-तीन आटे मागे घ्यावा लागला. आता मी नळीवरचे आकडे पाहतच नाही, बिट अडकल्यासारखा सरकला की गॅप बरोबर. घरात ड्रिल मशीन असलेल्या प्रत्येकाजवळ हे माप आहेच.

गॅप उगाच उघडत बसू नका. या टेस्टरमध्ये टोक पार मागेपर्यंत जातं आणि पोरांना हौस असते, "पाहू किती लांब उडते". करंटला बाहेर जायला जागा मिळाली नाही की तो आतून वाट शोधतो. एकदा कॉईलच्या आत काळी रेघ पडली की चांगली कॉईल तुम्ही स्वतःच खराब केली असं समजा. त्याच कारणानं प्लग कॅप मोकळी लटकत ठेवून किक मारू नये. सीडीआयलाही ते सोसत नाही.

आता लोक विचारतात, प्लग काढून हेडला टेकवून किक मारली की ठिणगी दिसतेच की, हे कशाला? दोन कारणं. पहिलं, प्लगचा गॅप एक मिलीमीटरच्या आत असतो. उघड्या हवेत एवढ्या गॅपमधून मरायला टेकलेली कॉईलही ठिणगी काढते. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा दाबली गेली की त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, तिथे ती नापास होते. म्हणून "करंट तं येऊन राहिला, तरी चालू नाई होऊन राहिली" असे पेशंट येतात. उघड्या हवेत ६ मिलीमीटर ओलांडणारी कॉईल आत दाबाखालीही काम काढते. दुसरं कारण जिवाचं. प्लग काढला की त्या भोकातून किकेबरोबर पेट्रोलची वाफ बाहेर येते, आणि आपण तिच्याच शेजारी ठिणगी पाडत असतो. टेस्टर लावताना प्लग जागेवरच राहतो, भोक बंद. किक जरा जड जाते, पण भडका उडत नाही. माझ्या मते टेस्टरचे अर्धे पैसे इथेच वसूल.

ठिणगी कशी दिसायला हवी? निळसर-पांढरी, जाड, आणि प्रत्येक किकेला टक् टक् असा करकरीत आवाज. नारिंगी, बारीक, वाकडीतिकडी, मधेच गायब होणारी असेल तर शंका घ्या. दुपारच्या उन्हात मात्र चांगली ठिणगीही दिसत नाही, गाडी गोठ्यात किंवा ओसरीच्या आत घ्या. ऑनलाइन दुसरा एक प्रकार मिळतो, वायरीच्या मधे लावायचा, आत छोटा दिवा पेटतो. तो मी वापरून पाहिला, घेऊ नका. कमजोर करंटलाही दिवा पेटतो, म्हणजे हो-नाही एवढंच कळतं, किती ते कळत नाही. आणि आमच्या उन्हात तो पेटला की विझला हेही समजत नाही.

या टेस्टरनं सोडवलेला एक मामला सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यात आहे. शेजारच्या गावचा एक पोरगा, दूध डेअरीवर नेतो. शंभर सीसीची गाडी. सकाळी एका किकेत चालू. दहा वाजता परत येताना चार-पाच किलोमीटरवर मिसिंग सुरू, मग बंद. अर्धा तास बाभळीखाली उभी केली की पुन्हा चालू. प्लग नवा, सीडीआय नवा, कार्बोरेटर दोनदा धुतलेला. "दादा, भूतच हाये तिच्यात," म्हणे.

कॉईल काढून मीटरवर मोजली. प्रायमरी ठीक, सेकंडरी ठीक. गरम असताना पुन्हा मोजली, आकडा वाढला तो उष्णतेच्या हिशेबाइतकाच. मीटरवर विश्वास ठेवला असता तर कॉईलला सोडून दिलं असतं. पुन्हा गाडीवर चढवली, टेस्टर लावला, ६ मिलीमीटर. थंडपणी टक् टक्, एक किक चुकत नाही. मग कॉईल काढून टिनाच्या छपरावर ठेवली, जिथे बायको कुरड्या वाळवते. मे महिना होता, टिनावर हात ठेवता येत नाही. जेवण झाल्यावर फडक्यात धरून आणली, लावली, किक मारली. टेस्टरमध्ये काहीच नाही. आवाज मात्र येत होता, पण टेस्टरमधून नाही.

ओसरीचं दार लोटून घेतलं, आत अंधार केला, आणि पोराला किक मारायला लावली. कॉईलच्या बुडाशी, जिथे प्लगची वायर काळ्या ठोकळ्यात शिरते तिथे, एक निळी सुई लोखंडी पट्टीवर उडत होती. उजेडात भिंग घेऊन पाहिलं तर केसाएवढी चीर, तिच्या दोन्ही कडा राखाडी पडलेल्या. थंडपणी ती चीर मिटलेली राहायची. गरम झालं की उघडायची आणि करंटला सहा मिलीमीटरपेक्षा सोपी वाट मिळायची. पोरगा म्हणाला, "अशी दिसते काय ते भूत!" नवी कॉईल आली, गाडी आता दुपारीही येते-जाते. चीर एपॉक्सीनं भरून पाहता येते असं काहीजण सांगतात. मी मोटरीच्या वायंडिंगला वार्निश देतो, पण एवढ्या व्होल्टला लिंपालिंपीवर मी कोणाची दुधाची फेरी सोडणार नाही.

व्हिडिओत दाखवतात त्या दोन गोष्टी करू नका. एक, कॉईलच्या पिनेला बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर टिचकवून ठिणगी काढणं. प्वाईंटच्या कॉईलला ते चालतं, ती त्यासाठीच बनवलेली असते. सीडीआयच्या कॉईलला प्रायमरी ०.३ ओहम असेल तर बारा भागिले ०.३, म्हणजे ४० अँपिअर. वायर लाल होते, हात भाजतो, आणि ठिणगी येते ती मरतुकडी, जिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. सीडीआयचा डबा कॉईलला थेट बॅटरीचा करंट देत नाही. आतला कंडेन्सर दोन-चारशे व्होल्टपर्यंत भरून एका झटक्यात रिकामा करतो. म्हणूनच सीडीआयचा आउटपुट थेट साध्या मीटरनं मोजायला जाऊ नका, आकडाही येत नाही आणि मीटरही जातो. दुसरी गोष्ट, पंख्याचा कंडेन्सर घरच्या २३० व्होल्टवर लावून कॉईलवर सोडणं. मी रोज थ्री फेजवर काम करतो आणि मी हे करत नाही, एवढ्यावरून समजा.

टेस्टरमध्ये ठिणगी आलीच नाही तर लगेच कॉईलवर खापर फोडू नका. कॉईलला मिळतच नसेल तर ती देणार काय? आधी किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा), मग चावीची वायर, मग पिकअप कॉईलचा, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला सांगणाऱ्या छोट्या कॉईलचा, कनेक्टर. आमच्याकडे उंदीर वायरी खातात आणि कनेक्टरमध्ये कापसाच्या शेतातली धूळ बसते. कनेक्टर सोडवून, पुसून, दाबून परत लावला की अर्ध्या गाड्या तिथेच बोलायला लागतात. हे सगळं ठीक असेल तर दुसऱ्या गाडीची चांगली कॉईल लावून पाहा. घरात दोन सारख्या गाड्या असतील तर यापेक्षा पक्की तपासणी नाही आणि ती फुकट आहे.

टेस्टरचे दोष. मगर क्लिप वायरीला नुसती दाबून बसवली होती, थोड्याच वापरात निघून हातात आली. मी सोल्डर केली, पण ज्याच्याकडे सोल्डर नाही त्याने वायर उघडून गाठ मारून घ्यावी. क्लिप ढिली असली की करंट तुमच्या हातातून वाट काढतो, आणि तो झटका मुंगी चावल्यासारखा नसतो. क्लिप लावायच्या आधी ओढून पाहायची सवय ठेवा. स्क्रूला चेकनट नाही, किकेच्या हादऱ्यानं गॅप सरकतो, म्हणून मधे-मधे बिट घालून पाहावा लागतो. नळीच्या आत पांढरट धूर साचतो, कापसाच्या बोळ्यानं पुसला की जातो. टेस्टर हातात धरून किक मारू नका, क्लिपनं किंवा रबरी पट्ट्यानं फ्रेमला बांधा.

नवी कॉईल घेताना दुकानात मीटर न्या. दुकानदार वाकडं तोंड करेल, करू द्या. सारख्याच डब्यातल्या दोन डुप्लिकेट कॉईलींच्या सेकंडरीत मला चांगलाच फरक दिसला होता. डुप्लिकेट ओरिजिनलच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यात मिळते आणि पावसाळाभर चालतेही, पण रोज तालुक्याला जाणाऱ्याला मी ती घ्यायला सांगत नाही.

मार्क द्यायचे तर टेस्टरला पाचापैकी चार, एक क्लिपचा कापला. मीटरला अडीच, आणि तोही घरच्या वायरिंगला कामी येतो म्हणून. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत करंट इसीयू, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर, सांभाळतो. पुतण्याकडे तशी गाडी आहे, तिला मी हा टेस्टर लावलेला नाही आणि तो म्हणाला तरी लावणार नाही. एका इसीयूच्या किमतीत असे टेस्टर पोतंभर येतील. कार्बोरेटरवाली, किकेवाली गाडी असेल तर मात्र बिनधास्त मागवा, आणि सोबत ६ नंबरचा बिट घरात नसेल तर तोही घ्या.